पागडीचा अरीना

कॅनडातल्या कॅलगरी शहरात सॅडलडोम हा अरीना आहे, म्हणजे आइस हॉकीचं बंदिस्त क्रीडागृह. त्याच्या सर्वांत वरच्या ओळींतून आइस हॉकी बघायची तर पक, म्हणजे बर्फावर घसरणारी ती रबरी चकती, दिसेल ही आशा सोडायची. पक कुठे आहे हे खालच्या लोकांच्या माना कुठे वळल्या त्यावरून ओळखायचं. मी आणि माझा मुलगा बारा वर्षं असेच माना वाचत कॅलगरी फ्लेम्सचे सामने बघतोय, वर्षाकाठी दोन किंवा तीन, कारण त्याहून जास्त तिकिटं खिशाला झेपत नाहीत. पहिल्या मध्यंतरात स्वच्छतागृहाची रांग आणि बिअरची रांग एकमेकींत मिसळतात. मग कोण कशासाठी उभं आहे हे विचारत पुढे सरकायचं. बाहेर उणे वीस, आत त्या अरुंद गोल बोळात सगळ्यांची जॅकेटं हातावर, आणि गणपतीत ठाकूरद्वारच्या नाक्यावर असते तशी गर्दी. फक्त इथे धक्का लागला की माणूस ‘सॉरी’ म्हणतो, ज्याला लागला तोसुद्धा.

इमारत थकली आहे, यात वाद नाही. फ्लेम्सचा संघ १९८० मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाहून कॅलगरीला आला, १९८८चं हिवाळी ऑलिम्पिक शहराच्या डोळ्यांसमोर होतं, आणि १९८३ साली सॅडलडोम उघडला. खर्च ९.७७ कोटी डॉलर. (या लेखातले डॉलर कॅनडाचे, जिथे अमेरिकेचे आहेत तिथे तसं सांगेन.) घोड्याच्या खोगिरासारखं वळलेलं त्याचं काँक्रीटचं छत पोलादी दोरखंडांच्या जाळ्यावर तोललेलं आहे. स्टॅम्पीड हा घोडेस्वारीच्या खेळांचा मेळा दर वर्षी भरवणाऱ्या गावाला खोगीर शोभून दिसलं हे खरं, पण त्या आकाराला हिशेबही होता. छत मधे झुकलेलं असल्यामुळे आतली हवा कमी, म्हणजे कॅनडाच्या हिवाळ्यात ती गरम ठेवण्याचा खर्च कमी. आणि मधे एकही खांब नाही, म्हणून कुणाच्या नजरेआड काही येत नाही.

याच छताने पुढे घात केला. आजच्या संगीताच्या दौऱ्यांत पडदे, दिवे, ध्वनिक्षेपक असं टनावारी सामान छताला टांगायचं असतं. १९८०च्या आसपास कुणी असल्या ओझ्याचा विचार केला नव्हता. ते ओझं या खोगिराला पेलत नाही, म्हणून कित्येक मोठे कार्यक्रम कॅलगरीला वगळून तीन तासांवरच्या एडमंटनला जातात. त्यात २०१३च्या जूनमध्ये बो आणि एल्बो नद्यांना पूर आला, आणि जिथे बर्फ असायचा तिथे गढूळ पाणी भरून खालच्या कितीतरी ओळी बुडाल्या. हंगाम सुरू व्हायच्या आत ते सगळं पुन्हा उभं केलं गेलं, याचं कौतुक करायलाच हवं.

तेव्हा नवा अरीना हवा की नको, हा माझा प्रश्न नव्हे. हवाच. तो होतोय, २०२७च्या शरद ऋतूत उघडायचा आहे, नाव स्कोशिया प्लेस. माझं भांडण त्याच्या करारनाम्याशी आहे. आणि ते नीट सांगायचं तर मला कॅलगरीहून एकदा गिरगावात जाऊन यावं लागेल.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आमची खोली पागडीची. ज्या तरुण वाचकांना पागडी म्हणजे फक्त डोक्यावरची ठाऊक असेल त्यांच्यासाठी: घरात शिरताना एकदा मोठी रक्कम मोजायची, त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाडं द्यायचं. कागदावर इमारत मालकाची. पण खोलीचा हक्क भाडेकरूचा, आणि बाजारात किंमत वाढते ती या हक्काची. आमच्या चाळीचे मालक दर वर्षी मे महिन्यात गच्चीवर येऊन छपराकडे बघत उसासे टाकायचे, ताडपत्रीच्या खर्चावरून आमच्या वडिलांशी हुज्जत घालायचे, आणि ते जिना उतरले की सगळी चाळ हसायची. मालक म्हणे! पण एक गोष्ट होती. एखाद्याने खोली दुसऱ्याला दिली की आलेल्या रकमेतला ठरलेला वाटा, रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा, त्या मालकाच्या हातात पडायचा. तेवढ्यासाठी तरी त्यांची मालकी खरी होती.

कॅलगरी शहर हे नव्या अरीनाचं असं मालक आहे. तो तिसरा हिस्सा सोडून.

आकडेच समोर ठेवतो. १९८० मध्ये फ्लेम्सचा संघ अमेरिकेच्या १.६ कोटी डॉलरना विकला गेला, तेव्हा हा सौदा महागडा म्हणून गाजला होता. आज याच संघाची अंदाजे किंमत अमेरिकेच्या एक अब्ज डॉलरच्या, म्हणजे शंभर कोटींच्या वर लावतात. आता त्याच काळातल्या इमारतीची किंमत काढा. पावणेदहा कोटी डॉलरचा सॅडलडोम आज शून्याच्याही खाली आहे, कारण तो पाडायला पैसे लागणार, आणि तेही सार्वजनिक तिजोरीतून जायचे आहेत. चाळीस वर्षांत एक वस्तू साठ-सत्तर पटींनी वाढली, दुसरी मातीमोल झाली. वाढणारी वस्तू खासगी मालकांकडे राहिली आणि झिजणारी शहराकडे. नव्या करारात नेमकी हीच वाटणी पुन्हा लिहिली आहे, आणि तिला कौतुकाने ‘सार्वजनिक मालकी’ म्हटलं जातंय.

हा करार असा कसा झाला, त्याची हकिगत लांब आहे. पण तिच्यातच सगळं दिसतं.

पहिला प्रस्ताव २०१५च्या ऑगस्टमध्ये आला. फ्लेम्सची मालक कंपनी, कॅलगरी स्पोर्ट्स अँड एंटरटेन्मेंट कॉर्पोरेशन, हिने डाउनटाउनच्या पश्चिमेला अरीना आणि फुटबॉलचं मैदान एकत्र बांधायची ८९ कोटी डॉलरची योजना मांडली. कंपनीचे स्वतःचे त्यात २० कोटी. बाकी तिकिटांवरचा अधिभार, आसपासच्या जमिनीची पुढे वाढणारी घरपट्टी आणि शहराचे थेट पैसे. ती जमीन क्रिओसोटने नासलेली, म्हणजे पूर्वी तिथे लाकूड टिकाऊ करण्याचा कारखाना होता त्याचं विष मातीत मुरलेलं. शहराच्या अधिकाऱ्यांनी सफाईसकट सगळं मांडून बघितलं तर आकडा १८० कोटींवर गेला. योजना तिथेच बारगळली.

२०१७ मध्ये महापौर नाहीद नेन्शी यांच्या कारकिर्दीत बोलणी फिसकटली, आणि महापालिकेच्या निवडणुकीला महिना उरला असताना कंपनीने आता चर्चा बंद असं जाहीर केलं. फ्लेम्स ज्या नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळतात तिचे आयुक्त गॅरी बेटमन यांनीही कॅलगरीत येऊन नाराजी दाखवली. संघ गाव सोडून जाईल अशी कुजबुज ट्रेनमध्ये, ऑफिसात, आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या तयारीतसुद्धा ऐकू येत होती. नाक दाबलं की तोंड उघडतं हा त्यामागचा हिशेब असेल तर तो चुकला. नेन्शी पुन्हा निवडून आले.

२०१९च्या जुलैत ५५ कोटींचा करार झाला, निम्मे निम्मे. ११ विरुद्ध ४ मतांनी कौन्सिलने तो मंजूर केला आणि त्याच महिन्यात याच कौन्सिलने शहराच्या सेवांमध्ये ६ कोटी डॉलरची कपातही केली. तेलाचे भाव पडलेले, डाउनटाउनच्या मनोऱ्यांत मजलेच्या मजले रिकामे. पण त्या करारात शहराच्या बाजूने काही गोष्टी होत्या: प्रत्येक तिकिटामागे शुल्क, आणि अरीनाला दिलेल्या नावाच्या कमाईतून दहा वर्षं दर वर्षी अडीच लाख डॉलर. रक्कम चिल्लर आहे, पण पागडीतल्या हिश्श्याचं तत्त्व त्यात होतं.

मग महागाई. २०२१च्या उन्हाळ्यात खर्च ६०.८५ कोटींवर गेला. करार नव्याने लिहिला: शहर २८.७५ कोटी देणार, त्यापुढचा वाढीव खर्च सगळा कंपनीचा. वर्ष संपेपर्यंत अंदाज ६३.४ कोटी झाला. अशात शहराच्या नियोजन समितीने बांधकामाच्या परवानगीला रस्ते, पदपथ आणि हवामानाशी संबंधित, म्हणजे सोलरच्या पाट्यांसारख्या, कामांच्या अटी घातल्या, किंमत सुमारे १.६ कोटी. त्यातले ६४ लाख शहराने उचलायची तयारी दाखवली. उरलेल्या ९७ लाखांवरून कंपनी उठून गेली. साडेत्रेसष्ट कोटींचा करार एक कोटीसुद्धा न भरणाऱ्या पदपथांपायी मोडला, असं तेव्हा सगळे म्हणाले. नव्या महापौर ज्योती गोंडेक यांना खुर्चीवर बसून दोन महिने झाले होते, खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं.

मला तेव्हाही हे पटलं नव्हतं. इतक्या मोठ्या सौद्यात कुणी सोलरच्या पाट्यांसाठी उठून जात नाही. बांधकामाचे भाव रोज चढत होते आणि त्या चढाची जोखीम कंपनीच्या गळ्यात होती. पदपथ हे निमित्त झालं. खरा मुद्दा जोखमीचा होता, आणि तो मोडलेल्या करारापेक्षा पुढच्या करारात जास्त स्पष्ट वाचता येतो.

पुढचा करार २०२३च्या २५ एप्रिलला जाहीर झाला. एकूण १२२ कोटी. शहराचे ५३.७३ कोटी, प्रांताचे ३३ कोटी, आणि कंपनीचे ३५.६ कोटी. वाढीव खर्च आता निम्मा निम्मा. सोळा महिन्यांपूर्वी २८.७५ कोटींवर अडलेलं शहर जवळजवळ दुपटीवर आलं, आणि ज्या जोखमीपायी आधीचा करार मोडला तिचा अर्धा भार त्याने आपणहून उचलला. सोळा महिन्यांत शहराच्या हातात नवं काही आलं नव्हतं. वाढली होती ती गरज. हे बंद दाराआडच्या चर्चेनंतर, एकमताने. महिन्याभराने अल्बर्टा प्रांताची निवडणूक होती, आणि मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ घोषणेच्या वेळी व्यासपीठावर होत्या.

कंपनीच्या ३५.६ कोटींकडे जरा जवळून बघू. रोख द्यायचे फक्त ४ कोटी. बाकी दर वर्षी १.७ कोटी, त्यात दर साल १ टक्का वाढ, असे ३५ हप्ते. सगळे हप्ते नुसते जोडले तर ते ४ कोटी धरून ७४.८ कोटी होतात, आणि कंपनीच्या बाजूने बोलणारे हाच आकडा सांगतात. विरोधक ४ कोटीच सांगतात. दोघंही खोटं बोलत नाहीत. घराच्या कर्जाचे हप्ते ज्याने भरलेत त्याला हे कळतं: वीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची आजची किंमत शंभर नसते. एका रविवारी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. हप्त्यांची आजची किंमत ३१.६ कोटी यावी यासाठी व्याजाचा दर किती धरावा लागतो? ५ टक्के. म्हणजे बांधकामाचे पैसे आज लागणार, ते शहराने आपल्या गंगाजळीतून घालायचे, आणि भाडेकरूने ते पाच टक्क्यांच्या हिशेबाने पस्तीस वर्षं फेडायचे. शहराने अर्धा अरीना विकत घेतला आणि भाडेकरूच्या वाट्यासाठी त्याला कर्जही दिलं. मालक, सावकार आणि वाढीव खर्चातला भागीदार अशा तिन्ही भूमिका एकट्या शहराने घेतल्या. रोजच्या कामकाजाचा खर्च कंपनीकडे आहे, हे न्यायाने सांगायला हवं. पण तिकिटं, बिअर, पार्किंग, खासगी बॉक्स आणि मैफिलींचं उत्पन्नही तिच्याकडेच आहे.

प्रांताचे पैसे अरीनाच्या भिंतींत जात नाहीत, ते रस्ते, भुयारी मार्ग, जलवाहिन्या आणि सॅडलडोमच्या पाडकामात जातात, असं प्रांत वारंवार सांगतो. लग्नाचा खर्च आम्ही केला नाही, फक्त मांडव, जेवण आणि वाजंत्री आमची, असं म्हणण्यातला हा प्रकार.

शहराच्या ५३.७३ कोटींना २०२१च्या जनगणनेतल्या तेरा लाख लोकसंख्येने भागलं तर माणशी चारशे डॉलरच्या वर येतात. आमच्या घरात चौघं. सोळाशे डॉलर. त्या पैशात आम्ही वरच्या ओळीतून कितीतरी हंगाम माना वाचल्या असत्या.

याउलट बाजू मांडणारे माझे मित्र आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कॅनडातल्या संघांची कमाई कॅनडाच्या डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार अमेरिकेच्या डॉलरमध्ये; विनिमयाचा दर घसरला की ताळेबंद हलतो. एक मित्र मला टेंपीचं उदाहरण देतो. ॲरिझोनातल्या त्या गावात २०२३च्या मे महिन्यात, म्हणजे आमच्या करारानंतर तीन आठवड्यांनी, नागरिकांनी मतदान करून कायोटीज संघाची अरीना योजना फेटाळली. वर्षभरात संघ सॉल्ट लेक सिटीला निघून गेला. ‘नाही’ म्हणायची किंमत असते, असं तो म्हणतो.

असते. पण टेंपीच्या लोकांना ती किंमत मोजायची की नाही हे विचारलं गेलं. कॅलगरीने २०२६च्या ऑलिम्पिकचं यजमानपद घ्यायचं की नाही यावर २०१८ मध्ये नागरिकांचा कौल घेतला, ५६ टक्के लोक नको म्हणाले आणि विषय संपला. दोन आठवड्यांच्या सोहळ्यासाठी आम्हाला मतपेटीपर्यंत बोलावलं आणि पस्तीस वर्षांच्या करारासाठी पत्रकार परिषद दाखवली.

शिवाय ‘संघ जाईल’ या धाकाची दुसरी बाजू क्वेबेक शहरात उभी आहे. त्यांचा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला गेला. तो परत मिळेल या आशेने शहर आणि प्रांत यांनी मिळून सुमारे ३७ कोटींचा अरीना बांधला. २०१५ मध्ये तो उघडला, अठरा हजार आसनांचा, देखणा. लीगचा संघ अजून आलेला नाही. तिथे कुमारवयीन मुलांचा संघ खेळतो. आणि ज्यांनी सार्वजनिक पैसे जवळजवळ मागितलेच नाहीत अशीही शहरं याच देशात आहेत: व्हँकुव्हर, माँट्रियल आणि टोरंटोचे अरीना १९९५ ते १९९९ या काळात खासगी भांडवलातून उभे राहिले. ती मोठी शहरं आहेत, त्यांची बाजारपेठ मोठी आहे, हे मला मान्य. कॅलगरीला थोडी मदत करावी लागेल हेही मान्य. पण मदत आणि पागडी यांत फरक आहे.

अरीनामुळे शहराचा धंदा वाढतो, हॉटेलं भरतात, असं सांगितलं जातं. अर्थतज्ज्ञांचं सहसा कशावर एकमत होत नाही. क्रीडागृहांच्या अनुदानावर ते बऱ्यापैकी आहे, आणि ते अनुदानाच्या विरोधात आहे. कारण अवघड नाही. आम्ही त्या रात्री सामन्याला गेलो नसतो तर सतराव्या ॲव्हेन्यूवर जेवायला गेलो असतो. पैसे शहरातच फिरले असते, फक्त वेगळ्या गल्ल्यात पडले असते. मुंबईचं शांघाय होणार हे ऐकत वाढलेल्या माणसाला कुणी ‘वर्ल्ड क्लास’ म्हटलं की हात आपसूक खिसा चाचपतो.

आता इमारतीकडे येतो, कारण करार कसा आहे हे आसनांच्या नकाशात दिसतं. सॅडलडोममध्ये हॉकीसाठी १९,२८९ आसनं आहेत. नव्या अरीनात सुमारे १८,४००. शहर तेव्हापेक्षा दुपटीने वाढलं आणि आसनं नऊशेच्या आसपास घटली! सगळीकडे असंच चाललं आहे. नवे अरीना रुंद खुर्च्या, बॉक्स, क्लब, बारच्या बाजूने आखले जातात, कारण एका बॉक्सच्या जागेत मिळणारं उत्पन्न वरच्या ओळींत मिळत नाही. आणि ते उत्पन्न ज्याला मिळणार आहे त्याच्या सोयीने आराखडा होतो. वास्तुरचनाकारांना दोष देण्यात अर्थ नाही. एचओके आणि डायलॉग या दोन्ही जाणत्या कंपन्या आहेत. २०२४च्या जुलैत जाहीर झालेली चित्रं मला आवडली. बर्फाच्या रंगाचा पाया, वर आगीची झळाळी, या भूमीच्या मूळ रहिवाशांशी बोलून घेतलेली चुलीची कल्पना. बर्फ रस्त्याच्या पातळीखाली ठेवलाय, त्यामुळे माणूस रस्त्यावरून थेट रुंद मार्गिकेत शिरेल. स्वच्छतागृहाच्या रांगेतला माझा जीव त्या चित्रांकडे बघून हरखला, हे कबूल करतो.

आपल्याकडचं वानखेडेही शेवटी आसनांच्या वाटपातूनच जन्माला आलं. सत्तरच्या दशकात ब्रेबर्नचे मालक असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात सामन्याची तिकिटं कुणाला किती यावरून पराकोटीचं बिनसलं आणि हाकेच्या अंतरावर दुसरं मैदान उभं राहिलं. तिकिटाचा वाटा हा क्षुल्लक तपशील नसतो, हे मुंबईकराला सांगायला नको.

सार्वजनिक पैशाची इमारत कशी असते ते बघायला कॅलगरीकराला लांब जावं लागत नाही. अरीनाच्या जागेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर सेंट्रल लायब्ररी आहे. २०१८ मध्ये उघडली, खर्च २४.५ कोटी, आराखडा नॉर्वेच्या स्नोहेट्टाचा आणि त्याच डायलॉगचा. खालून ट्रेन जाते, वर लाकडी कमानीतून माणसं आत शिरतात. शनिवारी दुपारी गेलात तर खिडकीशी झोपलेला बेघर माणूस, इंग्रजीच्या वर्गाला आलेली नुकतीच कॅनडात पोचलेली आई, गणितं सोडवणारी शाळकरी मुलं, सगळे एका छताखाली. कुणाला तिकीट नाही. एकाच वास्तुरचनाकाराने दोन्ही आखल्या. फरक ग्राहक कोण होता याचा आहे.

सिॲटलचंही सांगायला हवं. तिथल्या १९६२च्या प्रदर्शनातलं जुनं छत वारसा म्हणून जपलेलं होतं. खासगी गुंतवणूकदारांनी ते सुमारे वीस हजार टनांचं छत तात्पुरत्या आधारांवर तोलून धरलं, खाली खोल खणलं आणि नवा अरीना बांधला. २०२१ मध्ये तो उघडला, खर्च अमेरिकेच्या एक अब्ज डॉलरच्या वर. आमचं खोगीर तसं वाचवता आलं असतं असं मी म्हणत नाही, ओझं न पेलणं हाच त्याचा दोष. पण जिथे पैसे स्वतःचे असतात तिथे अवघड अटीसुद्धा पाळता येतात, एवढं त्या छताने दाखवलं. कॅलगरीत पदपथाची अट जड झाली होती.

मग काय हवं होतं? शहराने ५३ कोटी घातले याबद्दल मी रस्त्यावर उतरणार नाही. पण घातल्यावर हिस्सा मागायला हवा होता. ही काही क्रांतिकारक मागणी नाही. मिनेसोटा राज्याने मिनियापोलिसच्या बेसबॉल मैदानासाठी पैसे मंजूर करताना कायद्यातच लिहून घेतलं होतं की मालकांनी ठरावीक वर्षांत संघ विकला तर विक्रीतला वाटा सरकारकडे येईल, दर वर्षी घटत जाणारा. पागडीच्या मालकाचा तिसरा हिस्सा तो हाच! कॅलगरीच्या कराराचे जाहीर झालेले मुद्दे मी दोनदा वाचले. संघाच्या वाढत्या किमतीतल्या वाट्याचं कलम मला त्यांत दिसलं नाही. नव्या अरीनाने ही किंमत वाढणार, यावर तर कंपनी आणि तिचे टीकाकार दोघंही सहमत आहेत. ज्या भिंतींनी ती वाढवली त्या बांधणाऱ्याला तिच्यातला शेकडा दोन-पाचही मिळू नये?

शहराच्या हातात ताकद नव्हती असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. फ्लेम्स, कुमारांचा हिटमेन संघ, लक्रॉसचे रफनेक्स, दुय्यम लीगमधले रँगलर्स, सगळ्यांची मालक ही एकच कंपनी. अरीनाचा कायमचा भाडेकरू दुसरा कुणी नाही, हे खरं. पण त्या कंपनीलाही दुसरी कॅलगरी नाही. तेलाचे पैसे, हॉकीवेडी माणसं आणि चाळीस वर्षांची सवय असलेलं गाव सोडून ती जाणार कुठे? २०१७ मध्ये शहर ठाम राहिलं तेव्हा संघ कुठेही गेला नाही. दर हिवाळ्यात तिथेच खेळत राहिला, आणि आम्ही माना वाचत राहिलो.

करारातली एक गोष्ट मात्र मी मनापासून मोजतो. मोठ्या अरीनाला लागून हजारभर आसनांची छोटी रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, होणार आहे, शहरातल्या मुलांसाठी. शिवाय कंपनी दर वर्षी १५ लाख डॉलर स्थानिक खेळांना देणार आहे. ज्यांची मुलं हॉकी खेळतात त्यांना या छोट्या रिंकचं मोल कळेल. शहरात बर्फाची वेळ मिळत नाही. माझ्या मुलाची प्रॅक्टिस वर्षानुवर्षं पहाटे पावणेसहाला असायची. अंधारात गाडीची काच खरवडायची, मागच्या सीटवर घामाने कुबट झालेली पॅडची बॅग, रिंकच्या थंडगार बाकावर गुडघे टेकून त्याच्या स्केटच्या नाड्या आवळायच्या. ‘बाबा, अजून घट्ट’, असं तो झोपेत म्हणायचा. बोटं सुन्न व्हायची. शेजारी एक पंजाबी बाप, पलीकडे एक युक्रेनियन आई, तिघांचे हात त्याच नाड्यांत. शहराचा खेळ म्हणतात तो मला तिथे दिसला. एकूण खर्चाच्या तुलनेत त्या छोट्या रिंकचा वाटा इतका लहान आहे की बातम्यांत तो शेवटच्या ओळीत येतो.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं सी-ट्रेनमधून व्हिक्टोरिया पार्कला उतरलो आणि कुंपणाच्या जाळीतून बांधकाम बघत उभे राहिलो. पोलादी सांगाडा वर येतोय. पलीकडे सॅडलडोम, अजून उभा. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. त्याने फोनवर नव्या अरीनाचं चित्र काढून आमच्या ओळी कुठे असतील ते शोधायला सुरुवात केली. बराच वेळ बोट फिरवत होता. मी मनात वेगळंच मोजत होतो. २०६२ मध्ये करार संपेल तेव्हा तो माझ्या आजच्या वयाचा असेल, आणि ही इमारत पाडायला किती खर्च येईल याचा ठराव कौन्सिलपुढे येईल तेव्हा मे महिन्यातलं घरपट्टीचं पत्र त्याच्या नावाने येत असेल.